फुलदाणीतील फुलांची तहान: कापलेली फुले घरात अधिक दिवस ताजी कशी ठेवावीत

कोल्हापुरात घरी फुले आणणे ही काही मुद्दाम ठरवून करायची गोष्ट नाही. अंबाबाईचे दर्शन घेऊन महाद्वार रोडने परतताना शेवंतीची पुडी, निशिगंधाच्या चार काड्या, एखादा गजरा असे काहीतरी हातात येतेच. आणि शिरोळ तालुक्यातील हरितगृहांत गुलाब व जरबेरा पिकू लागल्यापासून दिवाणखान्यातल्या फुलदाणीचीही सोय झाली आहे. फुले घरी आणल्यानंतर काय करायचे, याकडे मात्र बहुतेक घरांत फारसे लक्ष दिले जात नाही. गड्डी पिशवीसकट ओट्यावर पडते, चहा होतो, पाहुण्यांचा फोन होतो, मग फुलदाणीची शोधाशोध होते आणि तळाशी मागच्या खेपेचा पांढरट थर असलेल्या त्याच भांड्यात नळाचे पाणी भरून फुले खोचली जातात. तिसऱ्या दिवशी गुलाबाने मान टाकली की फुलवाल्याने शिळा माल दिला, असा निकाल लागतो. तो निकाल कधी कधी बरोबरही असतो. परंतु घरात आलेले कापलेले फूल बहुधा तहानेने मरते. पाणी त्याच्या पायाशी असते, पण ते वर चढण्याची वाट बंद झालेली असते. ही वाट मोकळी ठेवणे, एवढ्या एका गोष्टीभोवती पुढची सगळी रीत फिरते.

दांड्याच्या आत केसाहूनही बारीक नळ्या असतात. पानांतून आणि पाकळ्यांतून पाण्याची वाफ होत राहते आणि त्या ओढीने खालचे पाणी नळ्यांतून वर सरकते. झाडावर असताना मुळे हा पुरवठा करतात. कापल्यानंतर मुळे जातात, पण वाफ होणे थांबत नाही. अशा वेळी दांड्याचे टोक कोरडे राहिले, तर पाण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि नळीत बुडबुडा अडकून बसतो. दुसरा अडथळा जिवाणूंचा असतो. दांड्यातून पाझरणारा रस आणि पाण्यात बुडालेली पाने यांवर ते झपाट्याने वाढतात, आणि त्यांचा बुळबुळीत थर नळ्यांच्या तोंडाशी बसला की वरचे फूल भर पाण्यात उभे राहून सुकते. याखेरीज दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. कापलेल्या फुलाला स्वतःच्या साठवणीतील साखरेवरच जगावे लागते, आणि खोलीतील तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचा श्वसनाचा वेग सुमारे दुपटीतिपटीने वाढून ती साठवण तितक्याच लवकर संपते. शिवाय पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन नावाचा वायू काही फुलांना अकाली म्हातारपण आणतो.

फुले घेताना

शक्य असल्यास फुले सकाळी लवकर घ्यावीत. संध्याकाळी गाडीवर दिसणारी फुले दिवसभर पाण्याच्या शिडकाव्यावर तग धरून असतात. ती ताजी दिसतात, परंतु पाणी पाकळ्यांवर असते, दांड्यात नसते. आपण नेहमी वर पाहतो, म्हणजे फुलाचा रंग पाहतो. खरी परीक्षा खाली असते. दांड्याचे टोक तपकिरी, मऊ किंवा चिकट झाले असेल, बादलीतल्या पाण्याला वास येत असेल, पाने पिवळी पडून देठाशी लोंबत असतील, तर फूल कितीही टवटवीत वाटले तरी ते घेऊ नये.

प्रत्येक फूल कोणत्या टप्प्यावर घ्यावे याचे गणित निराळे आहे, आणि येथे घाई केल्यास नंतरची कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही. बाजारात ज्याला डच गुलाब म्हणतात, तो बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागलेला आणि कळीचा तळ बोटांनी हलकेच दाबला असता घट्ट लागणारा असावा. अगदी मिटलेली कळी जास्त दिवस टिकेल, या आशेने आपण ती निवडतो आणि ती न उमलताच मान टाकते. बाहेरची एखादी हिरवट, कडेने काळपट पाकळी दिसली म्हणून गुलाब नाकारू नये. ती आतल्या फुलाची राखण करणारी पाकळी असते आणि घरी आणल्यावर अलगद काढून टाकता येते. ग्लॅडिओलसच्या काडीवर खालच्या एक-दोन कळ्यांना नुकताच रंग दिसू लागलेला असावा, कारण बाकीच्या कळ्या घरी क्रमाने उमलतात. निशिगंधाचीही खालची दोन-तीन फुले उमललेली असणे पुरेसे असते. शेवंतीचे मात्र उलट आहे: ती चांगली उमललेलीच घ्यावी, कारण तिच्या घट्ट कळ्या घरी उमलतील याचा भरवसा नसतो. जरबेराच्या मधल्या चकतीकडे पाहावे. तिच्या कडेच्या दोन-तीन ओळींत पराग दिसत असतील तर फूल योग्य वेळी तोडलेले असते. चकती पूर्ण मिटलेली असेल तर असे फूल लवकर मान टाकते.

बाजारातून घरी येण्याचा अर्धा तासही हिशेबात धरावा. दुचाकीच्या हँडलला उघडी गड्डी अडकवून नेल्यास वाऱ्याने पाकळ्यांतील पाणी झपाट्याने उडते, आणि मे महिन्यात बंद मोटारीच्या डिकीत ठेवलेल्या फुलांबद्दल न बोललेले बरे. फुले कागदात पूर्ण गुंडाळून, दांड्यांच्या टोकांना ओला फडका बांधून आणावीत, आणि बाजारातली इतर कामे आधी उरकून फुले शेवटी घ्यावीत.

पहिले दोन तास

घरी आल्यावर पहिली गोष्ट भांड्याची. ज्या फुलदाणीत भरलेले पाणी आपण स्वतः पिणार नाही, तीत फूल ठेवू नये, ही कसोटी मला सर्वांत सोपी वाटते. भांडी घासण्याच्या साबणाने आतून घासून ती धुवावी. तोंड अरुंद असेल तर मूठभर तांदूळ, थोडे साबणाचे पाणी आणि जोरात हलवणे एवढ्याने तळाचा थर सुटतो. भांडे काचेचे किंवा चिनीमातीचे असावे. आमच्या घरी आजेसासूबाईंच्या वेळची एक पितळी सुरई आहे आणि तीत निशिगंध फार शोभून दिसतो, म्हणून मी एकदा त्यात लिंबाचा रस घातलेले पाणी भरून ठेवले. चार दिवसांनी पाणी हिरवट झाले, निशिगंधाची खालची टोके काळी पडली आणि सुरईला आतून आलेले डाग चिंच लावूनही पूर्ण गेले नाहीत. आंबट पाणी आणि पितळ-तांबे यांचे जमत नाही; अशा भांड्याचा मोह आवरत नसेल तर आत काचेचा उंच पेला बसवावा आणि फुले त्या पेल्यात ठेवावीत.

त्यानंतर दांडे कापावेत. दुकानात कापलेले टोक घरी येईपर्यंत सुकलेले असते, म्हणून तळाचा २ ते ३ सेंटिमीटर भाग पुन्हा कापणे आवश्यक असते. यासाठी धारदार सुरी किंवा बागेची छाटणीची कात्री घ्यावी. स्वयंपाकघरातली बोथट कात्री दांडा कापण्याआधी चेपते आणि ज्या नळ्या उघडायच्या त्याच मिटून टाकते. काप तिरका द्यावा. त्यामुळे दांडा भांड्याच्या तळाला सपाट टेकत नाही आणि त्याचे तोंड बंद होत नाही. हे काम बादलीतील पाण्यात दांडा बुडवून, पाण्याखालीच करता आले तर सर्वांत उत्तम, कारण तेव्हा कापलेल्या नळीत हवेऐवजी पाणीच ओढले जाते. गुलाबाच्या बाबतीत या एका सवयीने पडणारा फरक डोळ्यांना दिसतो. गुलाब, चाफा, बोगनवेल यांसारख्या कठीण फांद्यांचे टोक हातोडीने ठेचण्याची जुनी पद्धत अनेक घरांत आहे. ठेचलेल्या भागातून रस पाझरून जिवाणूंनाच मेजवानी मिळते, म्हणून त्याऐवजी टोकाला सुरीने एक उभी चीर द्यावी. कार्नेशनच्या दांड्यावर गाठी असतात, त्याला गाठीवर न कापता दोन गाठींच्या मध्ये कापावे.

पाण्याखाली येणारे प्रत्येक पान काढून टाकावे, यात दयामाया नको. भांड्याबाहेर राहणारी पानेही थोडी विरळ केली तर वाफ कमी होते. मात्र गुलाबाची सगळी पाने ओरबाडू नयेत, त्यांच्या ओढीनेच पाणी वर चढत असते.

अशी तयार केलेली फुले लगेच सजवायला घेऊ नयेत. हाताला कोमट लागेल अशा, साधारण ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ती किमान दोन तास, घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात उभी ठेवावीत. कोमट पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते दांड्यात लवकर चढते. शहराच्या जुन्या पेठांतील दगडी भिंतींच्या घरांत माजघरातली एखादी जागा यासाठी आयतीच मिळते. फ्लॅटमध्ये उत्तरेकडची खोली किंवा न्हाणीघराचा कोपरा चालतो.

पाण्यात काय घालावे

फुलवाल्याकडे मिळणाऱ्या छोट्या पुडीत तीन गोष्टी असतात: अन्न म्हणून साखर, पाणी आंबट करणारे आम्ल आणि जिवाणूंना आवरणारे एखादे द्रव्य. पाणी थोडे आंबट असले की ते नळ्यांतून अधिक सहज वाहते आणि जिवाणूंची वाढही मंदावते. घरी हेच करायचे असल्यास एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन छोटे चमचे लिंबाचा गाळलेला रस आणि कपड्यांसाठी मिळणाऱ्या बिनवासाच्या द्रव ब्लीचचे पंधरा-वीस थेंब घालावेत. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पूर्ण लिटरभर पाणी घ्यावे, त्यात साखर आणि लिंबू विरघळवावे आणि ब्लीच सर्वांत शेवटी थेंबाथेंबाने घालावे. ब्लीच आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगर हे पाण्याशिवाय एकमेकांत कधीही मिसळू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. घरात लहान मूल किंवा मांजर असेल आणि फुलदाणी त्यांच्या आवाक्यात असेल, तर ब्लीच आणि साखर दोन्ही वगळून साधे स्वच्छ पाणी रोज बदलावे.

साखर वगळण्याचे कारण असे की नुसती साखर घातलेले पाणी साध्या पाण्याहूनही वाईट ठरते. जिवाणू आधी जेवतात, फुलाच्या वाट्याला काही येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते. लिंबाच्या स्वादाचे गोड, रंगहीन शीतपेय एक भाग आणि पाणी तीन भाग असे मिश्रणही चालते, कारण त्यात साखर आणि आम्ल दोन्ही असतात. ब्लीचचे थेंब मात्र त्यातही लागतात. तांब्याचे नाणे, अ‍ॅस्पिरिनची गोळी आणि चिमूटभर मीठ हे तीन उपाय आपल्याकडे हमखास सांगितले जातात. नाण्यातून पाण्यात इतके थोडे तांबे उतरते की त्यावर विसंबता येत नाही, अ‍ॅस्पिरिनचा परिणाम कधी दिसतो तर कधी दिसत नाही, आणि मीठ तर फुलाला सरळ अपाय करते. नाणे आणि गोळी ज्या घरांत यशस्वी ठरतात, तेथे पाणीही रोज बदलले जात असते, असे माझे निरीक्षण आहे.

पाणी कोणते, हाही प्रश्न आहेच. ज्या इमारतींत बोअरचे जड पाणी येते, तेथे फुलदाणीपुरते पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे. पाणी मृदू करणारे यंत्र बसवले असेल तर त्यातून येणारे पाणी टाळावे. त्यातील सोडियम गुलाबाला आणि कार्नेशनला मानवत नाही.

दर दोन दिवसांनी पाणी पूर्ण ओतून द्यावे, भांडे आतून घासावे, दांडे सेंटिमीटरभर पुन्हा कापावेत आणि नवे मिश्रण भरावे. कमी झालेल्या पाण्यात वरून भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. कंटाळवाणे असले तरी या सबंध लेखातून एकच गोष्ट पाळायची असेल, तर ती ही पाळावी.

जागा, ऋतू आणि आंब्याची अढी

खिडकीतून थेट ऊन येणारी जागा, पंख्याच्या वाऱ्याचा झोत, दूरदर्शन संचाचा वरचा भाग आणि फ्रीजच्या मागची गरम बाजू या चार ठिकाणी फुलदाणी ठेवू नये. रात्री झोपण्यापूर्वी ती उचलून घरातल्या गार जागी ठेवली आणि सकाळी परत आणली, तर फुले एखाद-दोन दिवस अधिक टिकतात. उन्हाळ्यात पाण्याच्या माठाशेजारची ओलसर, गार जागा यासाठी मला फार आवडते.

मे महिन्यात आणखी एक शत्रू घरातच असतो. आंब्याची अढी घातलेल्या खोलीत फुलदाणी ठेवली, तर कार्नेशन आणि ऑर्किड दोन दिवसांत मिटतात, कारण पिकणारा आंबा सतत इथिलीन सोडत असतो. पिकलेली केळी, पपई, सफरचंद यांचेही तेच. जरबेरा आणि शेवंती यांना या वायूची फारशी बाधा होत नाही, म्हणून फळांच्या परडीशेजारी फुले ठेवायचीच असतील तर ती या दोहोंपैकी असावीत. पूजेच्या पिशवीत केळ्यांचा फणा आणि फुले एकत्र आणण्याची आपली सवय या दृष्टीने वाईट आहे. केळीच्या पानात फुले गुंडाळणे मात्र उत्तम. धुरातही हा वायू असतो, तेव्हा देव्हाऱ्याजवळ धूप-उदबत्ती सतत चालू असेल तर ऑर्किडची सजावट तेथून जरा दूर करावी.

पावसाळ्यात सगळे गणित बदलते. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की फूल सुकण्याऐवजी कुजते. पाकळ्यांवर आधी पाणीदार ठिपके आणि मग राखाडी बुरशी दिसू लागते. या दिवसांत फुलांवर पाणी शिंपडू नये, दांडे एकमेकांना दाटून न लावता मोकळे ठेवावेत आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. उन्हाळ्यात जे टाळायचे, म्हणजे वारा, तोच पावसाळ्यात थोडा लागतो. फक्त झोत सरळ फुलांवर नसावा.

काही फुलांचे स्वभाव

जरबेराच्या दांड्यावर लव असते आणि तो आतून पोकळ असतो. तो खोल पाण्यात कुजतो, म्हणून त्याला ५ ते ७ सेंटिमीटर पाणीच द्यावे आणि ते रोज पाहावे. त्याची मान वाकू नये म्हणून फुलवाले दांड्याला प्लास्टिकची नळी घालतात, ती घरी पहिले दोन दिवस तशीच ठेवण्यास हरकत नाही. नीट काळजी घेतली तर जरबेरा आठवडाभर सहज टिकतो.

गुलाबाने मान टाकली तर तो लगेच फेकू नये. दांडा पाण्याखाली पुन्हा कापून, फूल सरळ राहील अशा रीतीने वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून मानेपर्यंत कोमट पाण्यात दोन-तीन तास उभे करावे. अडकलेला बुडबुडा निघाला तर फूल पुन्हा ताठ होते. सबंध गुलाब दांड्यासकट टबात आडवा बुडवून ठेवल्यानेही हेच साधते. पाकळ्या कडेने तपकिरी होऊन सैल पडल्या असतील तर मात्र ते तहानलेले नसून खरोखर संपलेले असते.

निशिगंध, ज्याला बाजारात गुलछडी असेही म्हणतात, खालून वर उमलत जातो. सुकलेली खालची फुले रोज खुडली की वरच्या कळ्यांना बळ मिळते; टोकाच्या अगदी बारीक कळ्या क्वचितच उमलतात, त्या पहिल्याच दिवशी खुडाव्यात. ग्लॅडिओलसलाही हेच लागू आहे. त्याची काडी तिरकी ठेवली तर टोक वरच्या दिशेने वळते आणि काडी वाकडी होते, म्हणून त्याला उंच, सरळ भांडे हवे. लिलीच्या फुलातील केशरी परागकोश फूल उमलताच बोटांनी काढून टाकावेत, नाहीतर पराग पाकळ्यांवर आणि टेबलावरच्या कापडावर पडतात. कापडावर पडलेच तर पाणी लावून चोळू नये. चिकटपट्टीने टिपून घ्यावेत. घरात मांजर असेल तर लिली आणूच नये, तिचा कोणताही भाग, अगदी फुलदाणीतले पाणीसुद्धा, मांजराच्या मूत्रपिंडांना घातक ठरते. कण्हेर आणि पांढरा चाफा यांच्या देठातून पांढरा चीक येतो. तो वाहून तोंडाशी साकळतो, म्हणून कापलेले टोक क्षणभर मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून मगच पाण्यात ठेवावे. कण्हेरीचा चीक विषारी असल्याने हात धुणे विसरू नये.

ऑर्किड आणि अँथुरियम फ्रीजमध्ये ठेवल्यास काळी पडतात, ती खोलीतच बरी. जास्वंदाला फुलदाणीची गरजच नसते. ते फूल पाण्यात असो वा नसो, एकच दिवस टिकते. उद्याच्या पूजेसाठी जास्वंद हवे असेल तर संध्याकाळी फुगलेल्या कळ्या खुडून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि सकाळी बाहेर काढाव्यात, त्या तासाभरात उमलू लागतात.

बुके भेट मिळाला असेल, तर त्याच्या तळाशी असलेला हिरवा स्पंज रोज वरून थोडे पाणी घालून ओला ठेवावा. स्वतः नवा स्पंज वापरणार असाल तर तो पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यावा. दाबून बुडवला की आत कोरडे कप्पे राहतात आणि नेमक्या त्याच कप्प्यात एखाद्या फुलाचा दांडा जातो. एका भोकातून काढलेला दांडा त्याच भोकात पुन्हा घालू नये. माझ्या मते दोन दिवसांनंतर स्पंजातली फुले मोकळी करून, दांडे कापून फुलदाणीत ठेवणेच शहाणपणाचे असते.

सुटी फुले, हार आणि गजरे

आपल्या घरांत दांड्याच्या फुलांहून सुट्या फुलांचा वापर कितीतरी अधिक होतो आणि त्यांना पाण्यात उभे करण्याचा मार्गच नसतो. त्यांच्या बाबतीत एकच करता येते, ते म्हणजे वाफ आणि उष्णता कमी करणे. मोगरा, जाई, जुई यांच्या कळ्या संध्याकाळी उमलतात. त्या दुपारी कळ्यांच्या रूपातच घ्याव्यात, पिळून घट्ट केलेल्या ओल्या मलमलीच्या फडक्यात सैल गुंडाळाव्यात आणि डब्यात घालून फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवाव्यात. फडका ओला हवा, चिंब नको. चिंब फडक्यातला मोगरा सकाळी तपकिरी होतो. गजराही असाच ठेवावा. अबोली मात्र इतकी काटक असते की तिची वेणी साध्या डब्यातही दुसऱ्या दिवशी वापरता येते. सोनचाफ्याला बोटांचा दाब सोसत नाही, जेथे दाबला जाईल तेथे तो तपकिरी पडतो. तो देठाने उचलावा आणि पसरट वाटीत पाण्यावर तरंगत ठेवावा. दूर्वांची जुडी आणि बेलाची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास कित्येक दिवस हिरवी राहतात.

झेंडूची गोष्ट निराळी आहे. तो ओला ठेवायचा नाही. त्याच्या दाट पाकळ्यांच्या तळाशी पाणी साचले की फूल आतून सडते आणि बाहेरून ते दिसतही नाही. नवरात्राच्या अखेरीस परतीच्या पावसात भिजलेला झेंडू बाजारात येतो, तेव्हा तो घरी आणताच झटकून वर्तमानपत्रावर एका थरात पसरावा आणि तासभर पंख्याखाली ठेवावा. मगच दसऱ्याचे तोरण ओवायला घ्यावे. आदल्या संध्याकाळी ओवलेले तोरण घरात दोरीवर टांगून ठेवले, ढीग करून टोपलीत ठेवले नाही, तर सकाळी दारावर ते ताजेच दिसते. गौरी-गणपतीत फुलांचे भाव चढलेले असताना आम्ही हार आदल्या दिवशी आणून ठेवतो. अशा वेळी त्यात शेवंती आणि निशिगंध असलेला हार निवडावा, गुलाबाच्या पाकळ्या ओवलेला टाळावा, आणि तो पाणी न शिंपडता स्टीलच्या मोठ्या डब्यात केळीच्या पानावर ठेवून डबा फ्रीजमध्ये ठेवावा. मखरातील दिव्यांची उष्णता हाराला लवकर सुकवते. साध्या बल्बच्या माळांऐवजी एलईडीच्या माळा लावल्याने हा त्रास बराच कमी होतो.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून आणलेला दवणा टिकवण्यासाठी यांतले काहीही करावे लागत नाही. त्याची जुडी सुतळीने सैल बांधून सावलीत उलटी टांगावी. तो वाळतो, राखट होतो, पण वास सोडत नाही, आणि नंतर कपड्यांच्या घडीत ठेवता येतो. फुलदाणीतील फुले सुकल्यावर ब्लीचचे पाणी गटारात ओतावे, कुंडीत घालू नये. दोरा आणि प्लास्टिक काढून फुले निर्माल्याबरोबर कुंडीतल्या खतात जिरवावीत, पंचगंगेत सोडू नयेत. रिकामी फुलदाणी त्याच दिवशी घासून, उपडी घालून पूर्ण वाळू द्यावी, म्हणजे पुढच्या खेपेस पिशवी ओट्यावर ठेवून भांडे घासत बसावे लागत नाही.